इंजेक्शनआधी चार प्रश्न विचारा : वृद्धांवर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वृद्ध रुग्णांना तपासणारे सर्व डॉक्टर, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि वैद्यकीय अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांच्या बाबतीत एका रुग्णालयाकडे मी लेखी तक्रार केली होती. तिचं उत्तर आलं आहे. भाषा सभ्य आहे, मुद्दे क्रमाने मांडले आहेत, आणि सगळ्याचं सार इतकंच की, अस्वस्थ झालेल्या वृद्ध रुग्णाला जे उपचार दिले जातात तेच ठरलेल्या पद्धतीनुसार देण्यात आले, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

हे उत्तर खोटं नाही. पद्धत खरोखर तशीच आहे, आणि म्हणूनच मला हे जाहीरपणे लिहावं लागतंय. कोणी हयगय केली असती तर मी त्या माणसाशी भांडले असते. इथे प्रत्येकाने शिकवलं होतं तेच केलं आणि बाबा अंथरुणाला खिळले.

झालं ते असं. लघवीचा संसर्ग झाला म्हणून आम्ही बाबांना दाखल केलं. ते स्वतःच्या पायांनी चालत आत गेले. रात्री ते घाबरले, सलाईनची नळी ओढू लागले, भिंतीकडे बोट दाखवून कोणाला तरी बाहेर जायला सांगू लागले. त्यांना शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल या औषधाचं इंजेक्शन देण्यात आलं, पहाटे पुन्हा एक. त्यानंतर त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. डोळे अर्धवट उघडे, जीभ हलेना, पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. औषध बंद झाल्यावर गिळणं सावकाश परत आलं. चालणं आलं नाही.

बाबांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे, स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. रुग्णालयाच्या उत्तरात म्हटलंय की हे निदान 'त्या वेळी झालेले नव्हते'. बरोबर, नव्हतं झालेलं. पण केसपेपरची प्रत आत्ता माझ्यासमोर आहे. दाखल करून घेतानाच्या पहिल्याच पानावर आईने सांगितलेली माहिती लिहिलेली आहे: गेले कित्येक महिने घरात लहान मुलं दिसतात. चाल मंद, पाय घासत चालतात. वारंवार पडतात. कधी अगदी ठीक, कधी काही समजत नाही. आणि त्याच पानाच्या तळाशी, त्याच अक्षरात, अस्वस्थता वाढल्यास हॅलोपेरिडॉल द्यावे अशी सूचना. डिलिरियममध्ये, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या गोंधळातही भास होतात, हे मला ठाऊक आहे. पण आई त्या रात्रीचं बोलत नव्हती, ती महिनोन् महिन्यांचं बोलत होती. तिने सांगितलेलं सगळं लिहून घेतलं गेलं आणि त्याचा अर्थ लावला गेला नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते, कारण या आजाराचं नावच अनेकांनी ऐकलेलं नसतं. मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे गोळे साचत जातात. 1912 साली फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टरने कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या मेंदूत ते पाहिले, म्हणून ते लेवी बॉडी. पेशी झिजत गेल्याने जे स्मृतिभ्रंश होतात त्यांत अल्झायमरच्या पाठोपाठ याचा क्रमांक लागतो. म्हणजे हा काही लाखांत एखाद्याला होणारा आजार नव्हे. जपानमधल्या केंजी कोसाका यांनी 1976 सालीच अशा रुग्णाचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष 1996 मध्ये आले, 2005 मध्ये सुधारले, 2017 मध्ये पुन्हा सुधारले. तेव्हा 'हे सगळं नवीन आहे' ही सबब मला मान्य नाही.

2017 च्या निकषांत चार मुख्य लक्षणं दिलेली आहेत. शुद्धीत आणि लक्ष देण्यात होणारे मोठे चढउतार. स्पष्ट, रेखीव, पुन्हापुन्हा दिसणारे भास. स्वप्नातली हालचाल झोपेत प्रत्यक्ष करणं. आणि कंपवातासारखा मंदपणा, ताठरपणा किंवा कंप, या तिघांपैकी किमान एक. ज्याची बुद्धी उतरणीला लागली आहे अशा माणसात या चारांपैकी दोन आढळली, की 'बहुधा लेवी बॉडी डिमेन्शिया' असं निदान करता येतं. त्यासाठी स्कॅन लागत नाही. लागतो तो रुग्णाबरोबर राहणारा माणूस आणि त्याला प्रश्न विचारणारा डॉक्टर.

आमच्या घरी ही चारही लक्षणं होती. सर्वांत आधी आली झोप. इतर काहीच बिघडलेलं नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही, कितीतरी वर्षांपूर्वीची. स्वप्नात कुत्रा मागे लागला की बाबा खरोखर लाथ मारायचे. कोणाशी वाद झाला की झोपेतच ओरडून मूठ उगारायचे. आईच्या दंडावर काळेनिळे वळ असायचे. आधी तिने मध्ये उशांची रांग लावली, मग पलंग वेगळा केला. स्वप्न पडत असताना हातपाय हलू नयेत म्हणून मेंदू स्नायू सैल ठेवतो. या आजारात ती व्यवस्थाच बिघडते. शेंक आणि महोवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी 1986 साली हा विकार वर्णन करून ठेवला आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा विकार असलेल्या 1280 जणांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा 12 वर्षांत कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा त्याच जातीचा आजार होण्याचा धोका सुमारे 73 टक्के निघाला. याचा अर्थ आईच्या दंडावरचे ते वळ ही पहिली खूण होती, आणि ती वर्षानुवर्षं समोर होती.

भास नंतर आले. खिडकीजवळ तीन मुलं. त्यांतली एक मुलगी हिरव्या फ्रॉकमधली, ती कधीच बोलायची नाही. बाबा घाबरायचे नाहीत, आईला म्हणायचे, "पाय आवर जरा, त्यांना बसायला जागा दे." खुंटीवरचा कोट त्यांना उभा माणूस वाटायचा. हे असंच असतं या आजारात, माणसं दिसतात, प्राणी दिसतात, बारीकसारीक तपशिलांसह दिसतात, आणि निदान सुरुवातीला तरी रुग्ण ते शांतपणे सांगतो. पण विचारलं तरच सांगतो. 'वेडा म्हणतील' या भीतीने बहुतेक जण गप्प बसतात.

आणि चढउतार. सकाळी नातवाच्या भूमितीतली चूक काढून देणारे बाबा दुपारी शर्ट हातात धरून उभे, बाहीत हात कुठून घालायचा ते सुचेना. संध्याकाळी पुन्हा ठीक. घरातल्या माणसाला हे कळत नाही, तो म्हणतो नाटक करतात की काय. डॉक्टरांना तर हे दिसतच नाही, कारण ज्या दिवशी तपासणी असते त्या दिवशी माणूस नेमका चांगला असू शकतो.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार स्मरणशक्तीच्या चाचणीबद्दल. बाबांना तीस गुणांची ती नेहमीची चाचणी दिली गेली. तारीख सांगा, वार सांगा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन समोर ठेवून तसेच काढायला सांगितलं तेव्हा एक पंचकोन जेमतेम जमला, दुसरा कागदाच्या भलत्याच कोपऱ्यात गेला, त्याच्या दोन बाजू जोडल्याच गेल्या नाहीत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले आहेत. त्या चित्राला त्या चाचणीत तीसपैकी एक गुण असतो. एक गुण गेला, उलट्या वजाबाकीत आणखी तीन गेले, बेरीज सव्वीस झाली, आणि आम्हाला सांगण्यात आलं की वयाच्या मानाने स्मृती उत्तम आहे. स्मृती उत्तमच होती! लेवी बॉडीत सुरुवातीला आठवण फारशी जातच नाही. जातं ते लक्ष, जाते ती कामाची आखणी, आणि जातं डोळ्यांनी पाहिलेल्याचं आकलन: अंतर, कोन, आकार. अल्झायमर पकडायला बनवलेल्या चाचणीने हा आजार मोजायचा आणि गुण चांगले आले म्हणून घरी पाठवायचं, हे आजही सर्रास चाललेलं आहे. घड्याळाचं चित्र, घनाचं चित्र, आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडणं, हे सगळं असलेल्या चाचण्या तुमच्याकडे उपलब्ध आहेत. त्या वापरा. आणि एकूण गुणांकडे पाहण्याआधी ते गुण कुठे गेले ते पाहा.

दुसरी तक्रार आईबद्दल. प्रत्येक ठिकाणी तिला बाहेर बसवलं गेलं. 'पेशंटला बोलू द्या' असं म्हणून. रुग्णाचा मान ठेवावा हे मला मान्यच आहे, पण ज्या माणसाला स्वतःची झोप दिसत नाही आणि स्वतःचे वाईट दिवस आठवत नाहीत, त्याच्याकडून ही लक्षणं कळणार कशी? ज्या डॉक्टरांनी शेवटी निदान केलं त्यांनी आत गेल्यागेल्या आईला खुर्ची दिली आणि विचारलं, "झोपेत लाथा मारतात का?" आईने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला तोवर कोणीही विचारला नव्हता. बाकीचं संभाषण सुरू व्हायला त्यानंतर वेळ लागला नाही.

तिसरी तक्रार अशी की बाबा तुकड्यातुकड्यांनी तपासले गेले. बद्धकोष्ठतेचं औषध एकाकडे. लघवी आवरत नाही म्हणून दुसऱ्याकडे. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे. वास येत नाही म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. कशात मन लागत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे. ही सगळी या एकाच आजाराची पूरक लक्षणं म्हणून निकषांत लिहिलेली आहेत. प्रत्येकाने आपापल्या लक्षणावर गोळी दिली. लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन ही गोळी अॅसिटिलकोलिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणते, आणि लेवी बॉडीच्या मेंदूत नेमकी त्याचीच वानवा असते. गोळी सुरू झाली आणि बाबांचा गोंधळ वाढला. गोंधळ वाढला म्हणून मन शांत करणारी आणखी एक गोळी आली. हे चक्र थांबवणं कोणाचंच काम नव्हतं, कारण सगळे कागद एकत्र कोणी पाहतच नव्हतं.

चौथी, छोटी पण वारंवार भेटणारी: 'हात थरथरत नाही, म्हणजे कंपवाताचा प्रश्न नाही.' या आजारात कंप अनेकदा नसतोच. मंदपणा किंवा ताठरपणा यांतलं एक पुरेसं असतं. बाबांचं अक्षर बारीक होत गेलं होतं, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले होते, चालताना उजवा हात हलत नव्हता. हे पाहायला मनगट धरून हात वाकवून बघणं आणि खोलीत दहा पावलं चालवणं एवढंच लागतं.

पाचवी तक्रार एमआरआयवरच्या श्रद्धेबद्दल. 'एमआरआय नॉर्मल आहे, काळजी करू नका' हे वाक्य मी ऐकलेलं आहे. आठवणींशी संबंधित असलेला मेंदूचा आतला भाग शाबूत दिसणं हे उलट लेवी बॉडीच्या बाजूचं एक सहायक चिन्ह आहे, असं त्याच 2017 च्या निकषांत म्हटलंय. शंका उरलीच तर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या वाहकाचा स्कॅन आहे, हृदयाच्या मज्जातंतूंचा एमआयबीजी स्कॅन आहे, रात्रभराचा झोपेचा अभ्यास आहे. या तिघांपैकी एकात दोष सापडला आणि मुख्य लक्षणांपैकी एकच असलं, तरी 'बहुधा'चं निदान करता येतं. या सोयी सगळीकडे नाहीत, हे मी समजू शकते. प्रश्न विचारायची सोय सगळीकडे आहे.

सहावी तक्रार हेच या पत्राचं कारण आहे. लेवी बॉडी असलेल्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखी, म्हणजे डोपामिन अडवणारी औषधं दिली तर काय होऊ शकतं, हे इयन मॅककीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली ब्रिटनमधून छापून सांगितलेलं आहे. ज्यांना अशी औषधं दिली जातात त्यांतल्या सुमारे निम्म्यांना तीव्र प्रतिक्रिया येते: अंग आखडतं, शुद्ध हरपते, गिळता येत नाही. अशा प्रतिक्रियेत मृत्यूचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. उरलेल्या निम्म्यांना असं काही होत नाही, आणि कोण कुठल्या निम्म्यात आहे हे आधी कळत नाही. म्हणून 'देऊन बघू' हे इथे चालत नाही. 1992 ची ही सूचना आहे. त्यानंतर डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या, आणि तरीही रात्रपाळीच्या डॉक्टरच्या हाताशी अस्वस्थ म्हाताऱ्या माणसासाठी पहिलं नाव हॅलोपेरिडॉलचंच असतं. त्या तरुण डॉक्टरवर माझा राग नाही. रात्रभर तो एकटा सगळा वॉर्ड सांभाळत होता. त्याला हे कोणी शिकवलं नाही, आणि त्याच्यासमोरच्या छापील सूचनेत ते लिहिलेलं नाही, हा दोष त्याच्यापेक्षा वर बसलेल्यांचा आहे. उलटीवरच्या काही औषधांचंही असंच आहे. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन ही डोपामिन अडवतात, आणि ती तर कोणाला न विचारता लिहून दिली जातात.

सातवी आणि शेवटची. 'निदान झालं तरी काय फरक पडणार होता? उपाय तर नाही ना?' हे मला एका डॉक्टरांनी विचारलं, सहानुभूतीनेच विचारलं. फरक सांगते. आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही, हे खरं. पण रिव्हास्टिग्माइनने या रुग्णांचे भास आणि वागण्यातले त्रास कमी होतात, हे दाखवणारी चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली आहे. डोनेपेझिलला जपानने 2014 साली याच आजारासाठी मान्यता दिली. बाबांना रिव्हास्टिग्माइनचा पॅच लावल्यावर काही आठवड्यांत मुलं दिसणं विरळ झालं, आणि ते पुन्हा समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ लागले. घातक औषधं टळली असती, हा दुसरा फरक. तिसरा फरक आईचा. बाबा मधूनच तिला म्हणायचे की ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणी आहे. ओळखीच्या माणसाच्या जागी तोतया आला आहे असं वाटणं, हे या आजारात होतं, त्याला नाव आहे, त्यावर कसं वागावं याचे मार्ग आहेत. हे माहीत नसताना तिने जे सोसलं त्याची नोंद कुठल्याच केसपेपरमध्ये नाही.

आमचंच नशीब असं होतं म्हणावं तर तसंही नाही. 2010 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या 900 हून अधिक लोकांना विचारलं गेलं होतं. पाचांतल्या जवळजवळ चौघा रुग्णांना आधी दुसरंच निदान सांगितलं गेलं होतं, आणि निम्म्यांना तीनहून अधिक डॉक्टर पाहावे लागले होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. त्या मुद्दाम साध्या ठेवल्या आहेत.

साठीच्या पुढचा कोणताही रुग्ण गोंधळ, पडणं, भास किंवा विसरणं या कारणासाठी आला, की त्याच्या घरच्या माणसाला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. झोपेत ओरडतात, हातपाय मारतात का? नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात का? एकाच दिवसात खूप बदल होतो का, दिवसा तासन् तास गुंगीत असतात का, शून्यात पाहत बसतात का? हालचाल मंदावली आहे का? हे चार प्रश्न दाखल करून घेण्याच्या छापील अर्जातच घाला, म्हणजे ते कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहणार नाहीत.

या चारांपैकी दोनांचं उत्तर 'हो' असेल, तर त्या रुग्णाला हॅलोपेरिडॉल किंवा तसं दुसरं औषध देण्याआधी वरिष्ठ डॉक्टरांची परवानगी लागावी. आधी अस्वस्थतेचं कारण शोधावं: संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना, नुकतंच सुरू झालेलं औषध. दिवा लावावा, चष्मा द्यावा, घरच्या माणसाला जवळ बसू द्यावं. त्यानंतरही औषध लागलंच तर कोणतं आणि किती, हे ठरवणं तुमचं काम आहे. ते माहिती हाती असताना व्हावं एवढंच मी मागते आहे.

घरच्या माणसाचं म्हणणं, रुग्णाच्या संमतीने, स्वतंत्रपणे ऐकून घेण्यासाठी प्रत्येक तपासणीत वेळ राखून ठेवा. दहा मिनिटंही पुरतात.

रक्तदाब झोपलेल्या स्थितीत आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोन्ही वेळा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते लिहा आणि त्याचा विचार करा. बाबांचा रक्तदाब इतक्या ठिकाणी मोजला गेला, पण त्यांना उभं करून कोणीही मोजला नाही.

निदान झालेल्या रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आणि मनगटावरच्या पट्टीवर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांच्या धोक्याचा इशारा ठळकपणे असावा. आम्ही तसं कार्ड बनवून बाबांच्या खिशात ठेवलं आहे, पण दाखल करताना कपडे बदलले की ते कार्ड कपड्यांबरोबर पिशवीत जातं.

फाइलमध्ये नुसतं 'स्मृतिभ्रंश' लिहून थांबू नका. कोणता, ते लिहा. खात्री नसेल तर 'शक्यता' म्हणून लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लेवी बॉडी आजारामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाला स्वतंत्र जागा आहे. मोघम शब्द लिहिला की पुढच्या डॉक्टरला धोका कळत नाही, आणि रुग्णांची खरी संख्याही कधी कळत नाही.

आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना एक मागणी. हा आजार अल्झायमरच्या प्रकरणाखालची चार ओळींची टीप म्हणून शिकवू नका. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि परिचारिकेला, त्या पाळीवर उभं राहण्याआधी, हे चार प्रश्न आणि ही औषधांची यादी पाठ असली पाहिजे. परिचारिकांचा उल्लेख मी आवर्जून करते आहे. त्या रात्री 'यांना काहीतरी वेगळंच होतंय' असं पहिल्यांदा म्हणाली ती परिचारिकाच, पण ते म्हणणं ज्यात लिहावं असा रकाना तिच्या तक्त्यात नव्हता.

मला नुकसानभरपाई नको आहे आणि कोणावर कारवाईही नको आहे. ज्या रुग्णालयाने मला उत्तर पाठवलं त्याने ते मागे घ्यावं असाही माझा आग्रह नाही. ज्या 'ठरलेल्या पद्धती'चा त्यात उल्लेख आहे ती शेवटची कधी तपासली गेली आणि पुढे कधी तपासली जाणार, ही तारीख मला लेखी हवी आहे. तसंच, जिथे हे प्रश्न विचारायला सुरुवात झाली असेल त्या रुग्णालयांनी आपल्या दाखल-अर्जाचा आणि रात्रीच्या सूचनापत्राचा नमुना सर्वांसाठी खुला करावा, म्हणजे इतरांना तो जसाच्या तसा उचलता येईल.

कळावे,

लेवी बॉडी डिमेन्शिया असलेल्या एका रुग्णाची मुलगी